मिठाची ज्योत, कोरीटची माती

दृष्ट काढून झाली की मीठ-मोहऱ्या चुलीत पडतात. मोहऱ्या तडतडतात, ठसका लागतो, आणि त्या गडबडीत ज्योत क्षणभर पिवळीजर्द होते. तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. तो पिवळेपणा मिठातल्या सोडियमचा. पोटॅशियमचा क्षार टाकला असता तर ज्योत फिकट जांभळी दिसली असती, लिथियमचा टाकला असता तर किरमिजी. दिवाळीच्या दारूकामातला स्ट्रॉन्शियमचा लाल आणि बेरियमचा हिरवा हेही याच कुळातले. हे रंग नुसते न पाहता मोजायला घेतले की फ्लेम फोटोमेट्री सुरू होते. नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटच्या शेतकऱ्याने माती तपासायला दिली, तर तिच्यातला ‘पालाश’ म्हणजे पिकाला लागणारे पोटॅशियम मोजण्याची प्रयोगशाळेतली रुळलेली वाट हीच आहे.

ज्योतीची तीक्ष्ण नजर दाखवून दिली ती जर्मनीत हायडेलबर्गला, रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्टाव्ह किर्शहॉफ यांनी. 1860 साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या कामातला एक प्रयोग तर सांगण्यासारखाच आहे. सुमारे 60 घनमीटरच्या खोलीत एका कोपऱ्यात त्यांनी 3 मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुग्धशर्करेबरोबर उडवले. थोड्याच मिनिटांत खोलीच्या दुसऱ्या टोकाला तेवणाऱ्या ज्योतीच्या वर्णपटात सोडियमची पिवळी रेषा उमटली. हिशेब केला तेव्हा कळले की मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी सोडियम ज्योतीने ओळखले होते. याच पद्धतीने त्यांना खनिज पाण्यात सीझियम सापडले आणि 1861 मध्ये रुबिडियम.

पण ‘काय आहे’ कळले म्हणून ‘किती आहे’ कळत नाही. त्या प्रश्नाला हात घातला तो स्वीडनच्या हेन्रिक लुंडेगार्ड यांनी, 1920 च्या दशकाच्या अखेरीस. हे गृहस्थ वनस्पतिशास्त्रज्ञ; त्यांना पिकाच्या पोटातले क्षार मोजायचे होते. द्रावणाचा बारीक फवारा ॲसिटिलिनच्या ज्योतीत सोडून त्यांनी प्रकाशाची तीव्रता मोजली. म्हणजे हे तंत्र शेतीकडे उशिरा आले असे नाही, ते शेतीच्याच गरजेतून वाढले. 1945 मध्ये अमेरिकेत बार्न्स आणि सहकाऱ्यांनी साधे, झटपट चालणारे उपकरण मांडले.

तापी खोऱ्यातल्या कोरीटच्या परिसरात बेसाल्ट झिजून झालेली काळी माती आहे. अशा मातीचा नमुना घ्यायचा म्हणजे शेतात वाकडेतिकडे फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे वीतभर खोल खड्डे करायचे, कडेची माती खरवडायची, एकत्र करायची. मग ढिगाचे चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. बांध, झाडाची सावली, शेणखताच्या ढिगाची जागा टाळायची. खताच्या रिकाम्या गोणीत तर माती कधीच भरायची नाही, कारण गोणीला चिकटलेले पोटॅशही यंत्र इमानेइतबारे मोजून देते.

प्रयोगशाळेत त्या अर्ध्या किलोतले फक्त 5 ग्रॅम वापरतात. एका हेक्टरवरचा मातीचा वरचा थर धरला जातो 22 लाख 40 हजार किलोचा! एवढ्या मातीची साक्ष हे 5 ग्रॅम देणार, म्हणून यंत्राच्या अचूकतेपेक्षा कुदळ धरणाऱ्या हाताची काळजी जास्त.

या 5 ग्रॅममध्ये उदासीन अमोनियम ॲसिटेटचे 25 मिलिलिटर द्रावण घालून पाच मिनिटे हलवतात आणि गाळतात. अमोनियमचा आयन आकाराने पोटॅशियमच्या जवळपास. तो चिकणमातीच्या कणावरची पोटॅशियमची जागा बळकावतो आणि त्याला पाण्यात ढकलतो. गाळलेले पाणी फवाऱ्याने गॅस आणि हवेच्या ज्योतीत जाते. तिथे पाणी उडते, क्षार फुटतो, अणू सुटे होतात. उष्णतेने काही अणूंचा बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो आणि उतरताना ठरावीक रंगाचा प्रकाश टाकतो. सोडियमचा 589 नॅनोमीटरचा, पोटॅशियमचा 766 ते 770 च्या आसपासचा, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद लाल. असे किती अणू चढतात? 2000 केल्विनला सोडियमचा लाखात जेमतेम एक. तरी पुरतो! गाळणीकाच नेमका रंग निवडते, प्रकाशघट त्याची वीज करतो आणि आकडा उमटतो.

तो आकडा तसा मुका असतो. त्याला बोलते करण्यासाठी आधी माहीत असलेली द्रावणे ज्योतीत सोडावी लागतात. 1.907 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड एक लिटर पाण्यात विरघळवले की 1000 पीपीएमचे (लिटरमागे 1000 मिलिग्रॅमचे) मूळ द्रावण तयार होते. तेच पातळ करून आलेख काढतात. द्रावण फार कडक असेल तर आलेख वाकतो, कारण ज्योतीतले थंड अणू शेजाऱ्यांचा प्रकाश गिळतात. सोडियम मोजताना घामट बोटाचा स्पर्शही नडतो.

समजा, नमुन्याचे वाचन 30 पीपीएम आले. 5 ग्रॅमला 25 मिलिलिटर द्रावण, म्हणून पाच पट केले की मातीत किलोमागे 150 मिलिग्रॅम, आणि 2.24 ने गुणले की हेक्टरी 336 किलो पोटॅशियम. देशात रूढ असलेल्या तीन पायऱ्यांच्या वर्गवारीत 108 च्या खाली कमी, 280 च्या वर भरपूर. म्हणजे ही जमीन भरपूर. पोटॅशच्या 50 किलोच्या गोणीत ऑक्साइडच्या हिशेबाने 30 किलो पालाश असतो आणि देशाला लागणारे जवळजवळ सगळे पोटॅश आयात होते. तेव्हा ‘भरपूर’ हा शेरा खिशाला थेट लागतो.

हीच ज्योत सोडियमही मोजते. मातीच्या कणांवरच्या विनिमयक्षम आयनांत सोडियम 15 टक्क्यांच्या वर गेले की जमीन चोपण ठरते, आणि मग प्रश्न खताचा न राहता जिप्समचा आणि निचऱ्याचा होतो.

हे आकडे शेतकऱ्याच्या हाती देणारी मृदा आरोग्य पत्रिकेची योजना 19 फेब्रुवारी 2015 रोजी राजस्थानातल्या सुरतगढहून सुरू झाली. बारा तपासण्यांत पालाश एक. बागायतीत अडीच हेक्टरच्या चौकटीमागे एक नमुना आणि कोरडवाहूत दहा हेक्टरमागे एक, असे तिचे प्रमाण ठरले. त्यामुळे पत्रिकेवरचा आकडा शेजारच्या बांधापलीकडच्या मातीचाही असू शकतो. शिवाय मातीतल्या एकूण पोटॅशियमपैकी 90 टक्क्यांहून अधिक खनिजांच्या रचनेत अडकलेले असते. अमोनियमला ते हलवता येत नाही, ज्योतीपर्यंत ते पोहोचतच नाही. म्हणून केळी किंवा पपईसारखे पालाश ओढणारे पीक घेणाऱ्याने दोन-तीन वर्षांनी पुन्हा नमुना द्यावा तो त्याच शेतातून, तेवढ्याच खोलीवरून आणि शक्यतो त्याच हंगामात. नाहीतर दोन पत्रिका शेजारी ठेवूनही फरक पिकाचा की खड्ड्याचा, हे सांगता येत नाही.