रोजकीर्द, खतावणी आणि माहितीची व्यवस्था

व्यवसायात उणीव असते ती बहुधा माहितीची नव्हे, तिच्या व्यवस्थेची. आपल्याकडील जुन्या पेढीवर प्रत्येक व्यवहार प्रथम तारखेच्या क्रमाने रोजकीर्दीत लिहिला जाई व तेथून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढे. अमुक दिवशी काय घडले, हे रोजकीर्द सांगे. अमक्याकडून किती येणे, हे खतावणी. दोहोंस जोडणारा दुवा म्हणजे नोंदीशेजारचा पानाचा आकडा. लुका पाचोली याने व्हेनिस येथे १४९४ साली छापलेल्या ग्रंथात टिपणवही, रोजकीर्द व खतावणी अशाच तीन वह्या सांगितल्या असून खतावणीस वर्णानुक्रमे सूची जोडावयास सांगितले आहे.

ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या संगणकीय प्रतिमानात नोंद एकदाच ठेवून तिच्याकडून अनेक प्रश्नांची उत्तरे मिळविता येतात. तेथेही पानाच्या आकड्याचे काम नोंदीच्या ओळखक्रमांकास करावे लागतेच. हा दुवा तुटला, की माहिती एखाद्या कारकुनाच्या स्मरणातच उरते आणि तो गेला की त्याच्याबरोबर जाते. म्हणून माहिती कोणत्या प्रश्नांसाठी लागणार, हे संग्रहापूर्वीच ठरविणे ही व्यवस्थेची पहिली पायरी होय.