पट २६, हजर २४

जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठ संपवून मुलं वर्गात येतात, तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट आखलेली असते. वर मुले, मुली, एकूण. बाजूला पट आणि हजर. सहा घरं, सहा आकडे. पहिलीतलं मूल अक्षरं ओळखायच्या आधीपासून हा तक्ता रोज पाहतं. तो वाचायचा कसा, हे मात्र त्याला बहुधा कोणी सांगत नाही. आकडे भरतो वर्गप्रमुख आणि वाचतात तपासणीला आलेले साहेब. २०२१च्या जुलैत सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने पायाभूत संख्याज्ञानात माहितीची हाताळणीही धरली, याचा मला आनंद आहे. पण बरीच वर्षं लहान वर्गांना शिकवल्यावर माझं मत ठाम झालं आहे की, तक्त्याचा पहिला धडा या कोपऱ्यापासूनच सुरू करावा.

मोठ्यांना तक्ता सोपा वाटतो, कारण नजर सरावलेली असते. नुकतंच वाचू लागलेल्या मुलाला आपणच शिकवलेलं असतं की, ओळ डावीकडून धरायची आणि उजवीकडे संपवायची. तक्त्यात तेवढ्याने भागत नाही. एक बोट ओळीवरून आडवं सरकतं, दुसरं रकान्यातून खाली उतरतं आणि दोन्ही भेटतात त्या घरातला आकडा एकाच वेळी दोन्ही मथळ्यांचा असतो. असे दोन गुण एकदम मनात धरणं मुलांना साधारण सातव्या-आठव्या वर्षी जमू लागतं, असं झाँ पियाजे यांच्या अभ्यासातून दिसलं. म्हणून पहिली-दुसरीत कागदाची घाई नको. अंगण बरं.

अंगणात ठिकरीसारखी घरं खडूने आखायची. दिवाळीच्या सुट्टीआधी मी विचारायचे, “फराळातलं सगळ्यात आवडतं काय? एकच सांगायचं.” मुलं आपापल्या घरात जाऊन उभी राहत. मग प्रत्येकाने आपल्या जागी एक खडा ठेवून बाहेर यायचं. खड्यांच्या जागी नंतर ताळ्याच्या खुणा: चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावरून तिरकी, मोळीला दोरी आवळावी तशी. आकडा सगळ्यात शेवटी. माणूस, खडा, रेघ अशा पायऱ्यांनी आलेला ११ मुलाला परका वाटत नाही. त्या अकरांत ते स्वतः असतं. आमचा फळ्यावरचा तक्ता असा झाला होता:

| पदार्थ | मुली | मुले | एकूण |
|---|---|---|---|
| लाडू | ४ | ३ | ७ |
| चकली | ५ | ६ | ११ |
| करंजी | ३ | १ | ४ |
| शंकरपाळी | ० | २ | २ |
| एकूण | १२ | १२ | २४ |

आता प्रश्न. ‘चकली किती मुलींनी सांगितली?’ इथे घर सापडलं की काम झालं. ‘लाडवापेक्षा चकली किती जास्त जणांनी सांगितली?’ इथे दोन घरं शोधून वजाबाकी करावी लागते आणि ते चार जण तक्त्यात कुठेच लिहिलेले नसतात. ‘पुढच्या वर्षी वर्गात फराळ करायचा, तर काय जास्त करावं?’ याचं उत्तर तक्त्याच्या आधाराने विचार करूनच द्यायचं. अमेरिकेतल्या फ्रान्सिस कर्सिओ यांनी १९८७ साली चौथी आणि सातवीच्या मुलांच्या आलेखवाचनाचा अभ्यास मांडला, त्यात अशाच तीन पायऱ्या आहेत: आकडे वाचणं, आकड्यांच्या मधलं वाचणं आणि आकड्यांच्या पलीकडचं वाचणं. आपल्याकडच्या चाचण्या पहिल्या पायरीवरच फार रेंगाळतात, याची मला खंत वाटते.

एक चूक जवळजवळ प्रत्येक वर्गात भेटते. ‘सगळ्यात जास्त पसंती कशाला?’ असं विचारलं की मूल जोरात सांगतं, “अकरा!” त्याला मोठा आकडा सापडलेला असतो, फक्त त्या घरातून डावीकडे मथळ्यापर्यंत परत यायचं राहिलेलं असतं. “अकरा काय?” एवढं विचारलं की ते स्वतःच परत येतं. दुसरी चूक म्हणजे ‘एकूण’ची ओळही बेरजेत धरणं, मग वर्गात अठ्ठेचाळीस मुलं होतात. त्या ओळीच्या वर जाड रेघ मारली की ही चूक बरीच कमी होते.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते शंकरपाळीपुढचं शून्य. “मुलींना शंकरपाळी आवडत नाही,” असं एका मुलाने जाहीर केलं आणि मुली भांडायलाच उठल्या. आवडते, पण पहिला नंबर चकलीचा! तेव्हा प्रश्न काय होता, ते मी पुन्हा फळ्यावर लिहिलं: सगळ्यात आवडतं, एकच. कोणत्याही मुलीने शंकरपाळीला पहिला नंबर दिला नाही, एवढंच ते शून्य सांगत होतं. मग एकीने कोपऱ्यातल्या चौकटीकडे बोट दाखवलं. पट २६, हजर २४. न आलेल्या दोघांची आवड आमच्या तक्त्यात नव्हतीच. वर्तमानपत्रातली पाहणी वाचताना मोठ्यांनीही हेच विचारायला हवं: नेमकं काय विचारलं होतं आणि कोणाला?

घरी पालकांना वेगळी सामग्री जमवावी लागत नाही. १९७३पासून आपल्या भिंतींवर असलेलं कालनिर्णय हा उत्तम तक्ता आहे. त्यात वार डावीकडे एकाखाली एक असतात, म्हणून एक घर खाली उतरलं की दुसरा दिवस आणि एक घर उजवीकडे गेलं की पुढचा आठवडा. मोबाइलमध्ये वार वर आडवे असतात, तिथे हे नेमकं उलट होतं. दोन्ही शेजारी ठेवून मुलाला विचारावं, ‘सातने वाढायला कुठे जायचं?’ मथळे आधी बघायची सवय यातून लागते. त्याच पानावर दुधाचे खाडे लिहिलेले असतील, तर महिन्याचा हिशोब मुलाकडे सोपवावा: ऑक्टोबरचे ३१ दिवस, रोज एक लिटर, खाडे ४, म्हणजे २७ लिटर. कांदा पिकवणाऱ्या घरांतली मुलं तर बाजारभावातले किमान, कमाल, सर्वसाधारण हे शब्द पुस्तकात येण्याआधीच ऐकून असतात.

एकदा जुलैत तिसरीच्या वर्गाने पावसाची नोंद ठेवली. सरळ उभ्या बाजूंची बरणी अंगणात ठेवायची, रोज सकाळी पट्टीने पाणी मोजायचं, मिलिमीटरमध्ये लिहायचं आणि बरणी रिकामी करायची. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य. सोमवारी तक्ता भरणाऱ्या मुलीने रविवारचं घर मोकळं सोडलं. शेजारचा म्हणाला, “शून्य लिही की.”

“शून्य कसं लिहू? काल सुट्टी होती, आपण मोजलंच नाही,” ती म्हणाली आणि सोमवारच्या ३४च्या पुढे तिने बारीक अक्षरात लिहिलं, ‘दोन दिवसांचा’.