बोडीत सापडलेला पैसा

उन्हाळ्यात बोडीचा गाळ काढताना, नाहीतर बांधीत खणताना कधी कधी हिरवट पडलेला गोल तुकडा हाती लागतो. मग आपण काय करतो? चिंच लावून घासतो, नाहीतर मोडीत देऊन टाकतो. आज आम्ही त्या तुकड्याविषयीच बोलणार आहोत.

आपल्याच विदर्भात, आताच्या वाशिम जिल्ह्यात तऱ्हाळा नावाचं गाव आहे. 1939 साली तिथे जुन्या नाण्यांचा साठा निघाला. थोडीथोडकी नव्हेत, सुमारे 1600 नाणी! त्यात सोनं नव्हतं, चांदीही नव्हती. तांबं, कथील आणि शिसं मिसळून केलेली ती साधी नाणी होती. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आणि कडेने ब्राह्मी अक्षरं. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी ती अक्षरं वाचली. नाणी सातवाहन राजांची निघाली. त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं मिळाली, जी पुराणांतल्या याद्यांत नाहीत. हीच नाणी कुणी भांडी ओतणाऱ्याला दिली असती तर?

आणखी एक सांगतो. हे राजे आईचं नाव लावत. गौतमीपुत्र म्हणजे गौतमीचा मुलगा, वासिष्ठीपुत्र म्हणजे वासिष्ठीचा. काही सातवाहन नाण्यांवरही आईचं नाव असं कोरलेलं आहे.

त्याच काळात तिकडे रोमच्या साम्राज्यात प्रांतांतली शहरं आपापली कांस्याची नाणी पाडत. एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पुष्कळदा त्या शहराची देवता किंवा देऊळ. सोनं श्रीमंताच्या पेटीत राही. बाजारहाट चाले ती या हलक्या नाण्यांवर. म्हणून साध्या माणसाचा इतिहास त्यांच्यातच सापडतो. जगभरचे हौशी लोक ती जमवतात.

छंद चांगलाच. पण आपल्याकडे जमिनीतून निघालेल्या ठेव्याला 1878 चा कायदा लागू आहे. किंमत 10 रुपयांपेक्षा जास्त असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर आपला हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कळवलं, ठेवा बेवारस ठरला आणि जमीनमालकाशी वाद नसला, तर वेगळा करार नसताना चारातले तीन हिस्से सापडणारीचे, एक मालकाचा. सरकारला ठेवा हवा असेल, तर धातूची किंमत आणि तिचा पाचवा हिस्सा वर देऊन ते घेऊ शकतं. तांब्याच्या भावाने ही रक्कम फार होत नाही, हे आम्ही लपवत नाही.

तेव्हा नाणं घासू नका. हिरव्या थराबरोबर अक्षरंही निघून जातात. कोरड्या कागदात गुंडाळा. अर्जात लिहा: काय सापडलं, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. बचत गटाच्या बैठकीत बसूनही हा अर्ज लिहिता येईल.