बिंबाणू

रक्तातील केंद्रकरहित, अतिसूक्ष्म व चकतीसारख्या आकाराच्या घटकांना बिंबाणू म्हणतात. व्यवहारात त्यांना ‘प्लेटलेट’ हेच नाव रूढ आहे. इजा झालेल्या रक्तवाहिनीतून होणारा रक्तस्राव थांबविणे हे त्यांचे मुख्य कार्य होय. ते बिंबाणू भिंतीला चिकटून पार पाडतात, हे इटालियन वैद्य जूल्यो बित्त्सोत्सेरो यांनी १८८२ मध्ये दाखविले.

उत्पत्ती व संख्या : अस्थिमज्जेतील महाकोशिकांच्या कोशिकाद्रव्याचे तुकडे अलग होऊन बिंबाणू तयार होतात. त्यांचा व्यास २–३ मायक्रोमीटर असून निरोगी व्यक्तीच्या दर घन मिलिमीटर रक्तात ते सु. १.५ ते ४.५ लाख असतात. तांबड्या कोशिका सु. १२० दिवस टिकतात. बिंबाणूंचे आयुष्य मात्र ७ ते १० दिवसांचेच असते. एकूण बिंबाणूंपैकी सु. एकतृतीयांश प्लीहेत साठलेले असतात.

कार्य : अखंड रक्तवाहिनीचा अंतःस्तर बिंबाणूंना चिकटू देत नाही. अंतःस्तर फाटला की त्याखालील कोलॅजेन हे प्रथिन उघडे पडते. रक्तद्रवातील फोन व्हिलेब्रांट घटकाच्या साहाय्याने बिंबाणू त्यास चिकटतात, आकार बदलतात आणि इतर बिंबाणूंना आकर्षित करणारी द्रव्ये बाहेर टाकतात. अशा रीतीने काही मिनिटांत तात्पुरते बूच तयार होते.

हे बूच एकट्याने टिकत नाही. रक्तद्रवातील क्लथन घटक बिंबाणूंच्याच पृष्ठभागावर क्रमाने कार्यान्वित होतात व शेवटी फायब्रिनाच्या तंतूंचे जाळे बुचाला बळकटी देते. तांबड्या कोशिका वाहत्या रक्तात मध्यभागी राहत असल्यामुळे बिंबाणू भिंतीकडे सारले जातात. म्हणून तीव्र रक्तक्षयातही रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते. पांढऱ्या कोशिका जखमेतील जंतू व मृत ऊतक नाहीसे करतात. जखम भरून आल्यावर प्लाझ्मीन हे एंझाइम फायब्रिनाचे जाळे विरघळविते. रक्तस्तंभन हे याप्रमाणे रक्ताच्या सर्व घटकांचे संयुक्त कार्य आहे.

विकार : बिंबाणू कमी झाल्यास त्वचेवर बारीक तांबडे ठिपके उठतात, तसेच हिरड्यांतून व नाकातून रक्त येते. याउलट हीमोफिलियात बिंबाणू पुरेसे असूनही एखाद्या क्लथन घटकाच्या अभावी सांध्यांत व स्नायूंत रक्तस्राव होतो. कठीण झालेल्या रोहिणीतील मेदयुक्त थर फुटल्यास बिंबाणू तेथेही बूच तयार करतात. त्यामुळे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात उद्‌भवतो. ॲस्पिरिनाने बिंबाणूंमधील एक एंझाइम कायमचे निकामी होते व त्यांना केंद्रक नसल्याने ते नव्याने तयार करता येत नाही. औषध थांबविल्यावरही परिणाम काही दिवस टिकतो तो यामुळेच.

डेंग्यूमध्ये बिंबाणूंची संख्या घटते आणि त्या आकड्याकडेच रुग्णाच्या नातेवाइकांचे लक्ष लागलेले असते. तथापि या रोगातील मोठा धोका केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरण्याचा आहे. ताप उतरू लागल्यावर पोटात तीव्र वेदना, सततच्या उलट्या, ग्लानी अथवा हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसल्यास, संख्या कितीही असली तरी, तातडीने उपचार करणे आवश्यक असते. रक्तस्राव नसताना केवळ संख्या घटली म्हणून बिंबाणू देणे सामान्यतः हितावह ठरत नाही.

आधान : अमेरिकन वैद्य विल्यम ड्यूक यांनी १९१० मध्ये बिंबाणूंची कमतरता असलेल्या रुग्णांचा रक्तस्राव रक्ताधानाने थांबतो, असे दाखविले. दात्याच्या एका पिशवी रक्तातून आता तांबड्या कोशिका, रक्तद्रव व बिंबाणू अलग करून निरनिराळ्या रुग्णांना देता येतात. तांबड्या कोशिका शीतकपाटात ३५ ते ४२ दिवस व गोठविलेला रक्तद्रव सु. एक वर्ष टिकतो. बिंबाणू मात्र २०° ते २४° से. तापमानात सतत हलवत ठेवावे लागतात व ते सामान्यतः पाचच दिवस उपयोगी पडतात. त्यामुळे त्यांचा मोठा साठा करून ठेवता येत नाही. रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत अस्थिमज्जा निष्क्रिय झालेल्या रुग्णाला वेळेवर बिंबाणू मिळणे हे नियमित रक्तदानावरच अवलंबून असते.