रेगेक्स: 'हा शब्द नको' हे फोनला कसं सांगायचं?

'५ मिनिटांत कर्ज!' असले मेसेज दिवसभर येतात. वैतागून आपण नोटिफिकेशन फिल्टर करणारं अ‍ॅप टाकतो. अशा काही अ‍ॅप्समध्ये रेगेक्स लिहिता येतं. रेगेक्स म्हणजे मजकुराचा नमुना सांगायची पद्धत. एखादा शब्द शोधणं त्यात सोपं आहे. पण 'कर्ज' नसलेलेच मेसेज दाखवायचे असतील तर?

बरेच जण आधी हे लिहितात:

[^कर्ज]

हे चुकतं. चौकटी कंस शब्द बघत नाही, सुटी अक्षरं बघतो. याचा अर्थ फक्त 'क, र, हलन्त, ज सोडून कुठलंही एक अक्षर' एवढाच होतो. म्हणजे जवळपास प्रत्येक मेसेज पास!

इथे लागतं निगेटिव्ह लुकअहेड:

^(?!.*कर्ज).*$

• ^ : सुरुवातीला उभे राहा.
• (?!.*कर्ज) : जागा न सोडता पुढे डोकवा. कुठेही 'कर्ज' दिसलं तर मेसेज बाद.
• .*$ : नाही दिसलं, तर शेवटपर्यंत सगळं घ्या.

टिंब सहसा नवी ओळ ओलांडत नाही. त्यामुळे अनेक ओळींच्या मेसेजसाठी 'डॉट-ऑल' हा पर्याय चालू करा.

आता खरी गोची. रात्री भावाचा मेसेज येतो: 'कर्जतला उतरलोय, घ्यायला ये.' तुम्हाला तो दिसतच नाही! कारण 'कर्जत'मध्येही 'कर्ज' आहे. रेगेक्सला शब्दाचा अर्थ कळत नाही, ते फक्त अक्षरं जुळवतं.

'कर्ज'नंतर जागा हवी अशी अट घातली, तर 'कर्जाची', 'कर्जासाठी' हे मेसेज पुन्हा आत शिरतील. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटूनच येतात ना! म्हणून फक्त 'त'ला सूट द्या:

^(?!.*कर्ज(?!त)).*$

म्हणजे 'कर्ज' दिसलं आणि लगेच पुढे 'त' नसेल, तरच मेसेज बाद. भावाचा मेसेज आला, कर्जवाले बाहेर.

हे जावा, जावास्क्रिप्ट, पायथनमध्ये चालतं. गूगल शीट्समध्ये मात्र नाही, कारण तिथल्या आरई२ इंजिनमध्ये लुकअहेडच नाही. तिथे कर्ज([^त]|$) शोधा आणि 'नॉट' फंक्शनने उत्तर उलटं करा.

फिल्टर चालू करण्याआधी जुने १०-१५ मेसेज त्यातून काढून बघा. नको ते गेले का, हे सगळेच बघतात. हवे ते राहिले का, हेही बघा.