पाय मिळाला; पुढची वाट कोणी द्यायची?

दिवाळी सरते, धानाची कापणी उरकते आणि गोंदिया जिल्ह्यातील गावोगावच्या मंडपांत झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र रंगू लागतात. दंडारीच्या परंपरेत वाढलेल्या या मुलखातील कलावंत पुष्कळदा दिवसा बांधीत राबणारेच असतात. चिखलात रोवणी करणारे आणि रंगमंचावर ठेका धरणारे पाऊल येथे एकच असते. अपघाताने वा आजाराने ते गमावले, तर पोट आणि कला या दोहोंवर एकाच वेळी कुऱ्हाड कोसळते. अशा माणसाने पुन्हा उभे राहावे कसे?

या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईच्या भरतनाट्यम नर्तकी सुधा चंद्रन यांनी दिले. १९८१ साली तमिळनाडूत प्रवास करीत असताना त्यांच्या बसला अपघात झाला. पायाची जखम चिघळली, गँगरीन झाले आणि कोवळ्या वयात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याच वर्षी जयपूरच्या डॉ. प्रमोद करण सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. त्यांच्या कार्याविषयी वाचून सुधा चंद्रन त्यांच्याकडे गेल्या. नवा पाय मिळाला, परंतु त्याबरोबर नृत्य मिळाले नाही. ते असह्य वेदना सोसून पुन्हा पहिल्या पाठापासून शिकावे लागले. २८ जानेवारी १९८४ रोजी त्या मुंबईत पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. पुढे त्यांच्याच जीवनावरील ‘मयुरी’ या तेलुगू आणि ‘नाचे मयूरी’ या हिंदी चित्रपटांत त्यांनी स्वतःच भूमिका केली.

या यशात जिद्दीइतकाच वाटा त्या पायाचाही आहे, हे विसरून चालणार नाही. विदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी घडविलेला होता. तो लावून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, अनवाणी चालणे तर दूरच. डॉ. सेठी आणि फारसे शालेय शिक्षण नसलेले कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबर व लाकूड यांतून जो पाय घडविला, तो भारतीय माणसाच्या उठण्याबसण्याचा विचार करून. पाण्याचिखलाला न भिणारा हा पाय भरतनाट्यमच्या अर्धमंडलीला उपयोगी पडला, तसाच तो धानाच्या बांधीतही उपयोगी पडतो. गोंदियासारख्या भातपिकाच्या जिल्ह्याला त्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

तथापि एका तेजस्वी उदाहरणाने समाजाचे कर्तव्य संपत नाही. २०२१ साली याच सुधा चंद्रन यांना, विमानतळावरील तपासणीत दर वेळी कृत्रिम पाय काढावयास लावला जातो, म्हणून पंतप्रधानांना जाहीर आर्जव करावे लागले. सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली खरी. पण नामवंत कलावतीची ही अवस्था, तर सालेकसा वा देवरीच्या आडगावातील निनावी मजुराचे गाऱ्हाणे कोणाच्या कानी जाणार?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात दोन कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या आणि त्यांतील सुमारे ५४ लाखांचे अपंगत्व चलनवलनाचे होते. २०१६ च्या कायद्याने त्यांना समान संधीचा हक्क दिला. परंतु कृत्रिम पाय ही एकदा वाटून मोकळे होण्याची वस्तू नव्हे. तो झिजतो, त्याचे पट्टे तुटतात, उरलेल्या पायाचा आकार बदलला की खोबण सैल होते. वाढत्या वयाच्या मुलाला तर तो वारंवार बदलून द्यावा लागतो. शिबिर भरते, छायाचित्रे निघतात, पाहुणे परततात आणि वर्षभराने तोच पाय घराच्या कोपऱ्यात पडून राहतो. म्हणून मोजमाप, दुरुस्ती आणि चालण्याचा सराव यांची कायम सोय जिल्ह्याच्या ठिकाणी असली पाहिजे, आणि ठराविक दिवशी तंत्रज्ञ तालुक्याच्या रुग्णालयात गेला पाहिजे. मजुरी बुडवून आणि भाडे खर्चून पट्टा बदलण्यासाठी दूरच्या शहरी जाणे गरिबाला परवडत नाही.

यापुढची जबाबदारी मात्र समाजाची आहे. पाय गमावलेल्या कलावंताला नाटकमंडळीने तालमीला पुन्हा बोलावणे, मंडपाच्या पायऱ्यांशेजारी उतार करणे, यांस मोठा निधी लागत नाही. प्रेक्षकांनीही त्याच्या पायाकडे न पाहता त्याची कला पाहावी. सुधा चंद्रन यांची जिद्द प्रत्येकाच्या ठायी असेलच असे नाही. पण जगण्यासाठी इतकी असामान्य जिद्द लागावीच का, हा प्रश्न शासनाने आणि समाजाने स्वतःलाच विचारावयास हवा.