आपत्तीत दगावलेली गुरे आणि सरकारी मदत

वादळात, पुरात किंवा वीज पडून गाय-म्हैस दगावली, तर तिच्या मालकाला मिळणारी सरकारी रक्कम राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 खाली उभ्या राहिलेल्या या निधीत महाराष्ट्रापुरता केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25 टक्के असतो. दर केंद्र ठरवते. त्याहून जास्त द्यायचे राज्याने ठरवले, तर वरचा बोजा राज्याच्या तिजोरीवर पडतो.

2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या दरांनुसार दुभत्या गाई-म्हशीमागे 37,500 रुपये, बैलामागे 32,000, वासरामागे 20,000 आणि शेळी-मेंढीमागे 4,000 रुपये मिळतात. कोंबडीला 100 रुपये, पण एका कुटुंबाला 10,000 च्या वर नाही. पडलेल्या गोठ्यासाठी 3,000 रुपये आहेत. एवढ्यात कोकणातल्या पावसाला टिकेल असे छप्परही नीट होत नाही. मोठी दुभती जनावरे असली तर एका कुटुंबातली तीनच मोजली जातात, शेळ्या-मेंढ्या असल्या तर तीस. 2025 च्या पूरमदतीत राज्य सरकारने तीन जनावरांची अट काढली होती. मारा मुख्यतः मराठवाड्यावर होता, तरी ती अट किती तोकडी आहे हे त्यातून सगळ्यांनाच दिसले.

ही मदत म्हणजे जनावराची किंमत नव्हे, पुन्हा उभे राहायला दिलेला हात आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात गुरे फार थोडी. गोठ्यात दोन-तीन जनावरे, परसात गावठी कोंबड्या, कुठे कन्याळ शेळ्या. अशा घरात एक म्हैस गेली की दुधाचा रोजचा पैसा थांबतो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा माड-आंब्यांबरोबर घरांची आणि गोठ्यांची छपरेही गेली.

चक्रीवादळ आणि पूर केंद्राच्या यादीत आहेतच. अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, समुद्राचे उधाण आणि आकस्मिक आग यांना राज्याने 2014 मध्ये आपल्या यादीत घेतले. किनाऱ्यालगतच्या वाड्यांना याचा मोठा आधार आहे. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात सड्यावर चरणाऱ्या गुरांना विजेचा धोका असतो, आणि वीज एका गुरावर पडली तरी ती आपत्तीच धरली जाते.

खरी अडचण पुराव्याची. जनावर मेले की तलाठ्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे लागते. तलाठी पंचांसमोर पंचनामा करतो, पशुधन विकास अधिकारी शवविच्छेदन करून मृत्यूचे कारण लिहून देतो, आणि प्रकरण तहसीलदारांकडे जाते. मंजूर रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. त्यामुळे पंचनाम्याआधी जनावर पुरू नये, आणि फोटो काढताना कानातला बिल्ला स्पष्ट दिसावा. 1 जून 2024 पासून तर बारा अंकी क्रमांकाचा हा बिल्ला नसलेल्या जनावराची भरपाईच मिळत नाही. भातकापणीनंतर गुरे मोकळी सोडायची इथली रीत आहे आणि हाताशी न येणाऱ्या गुरांना बिल्ला लावून घेणे राहून जाते. व्हाळाच्या लोंढ्यात जनावर खाडीपर्यंत वाहून गेले, तर शवच सापडत नाही. पंचनाम्याची ही पद्धत दावणीला बांधलेले जनावर समोर धरून आखलेली आहे. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात वाहून गेलेल्या गुरांसाठी बिल्ल्याची नोंद आणि शेजाऱ्यांचे जबाब पुरेसे मानले पाहिजेत.

रोगाने मेलेल्या जनावरांना या निधीतून मदत नाही. 2022 मध्ये लम्पीची साथ आली, तेव्हा राज्याने वेगळा निर्णय घेऊन गाईला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये दिले. बिबट्याने गुरू मारले तर भरपाई वनखाते देते. त्यासाठी वनरक्षकाला तातडीने कळवून त्याच्याकडून पंचनामा करून घ्यावा लागतो.